पोचल्याचा फोन

काकासाहेबांनी सिल्लोडच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या. रिटायर होऊन ते मुलाकडे शहरात आले, पण हाताला चैन पडेना. मुलगा इंद्रजीत दर सोमवारी सकाळच्या विमानानं नोकरीसाठी हैदराबादला जायचा, मग त्याच्याच वेळा वहीत चढू लागल्या. विमान हललं की पोराचा फोन, ‘निघालो’. उतरलं की दुसरा, ‘पोचलो’. हा दुसरा येईपर्यंत काकासाहेबांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ सव्वा तास. दोन वर्षांत त्यात फारसा फरक पडला नाही.

मग एका सोमवारी ‘पोचलो’ अठ्ठावन्न मिनिटांत आला. वारं पाठीमागून असेल, असं ते सुनेला, मेघाला म्हणाले. पुढच्या सोमवारी चाळीस. काकासाहेबांना गंमत वाटली. जन्मभर त्यांनी उशीरच लिहिले होते, लवकर पोचणारं काही पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी चौकशी केली, तर विमान नेहमीसारखं सव्वा तासानंच उतरलेलं.

‘मंग तू फोन कुठून केला?’ त्यांनी विचारलं.

‘हैदराबादहून, आबा. खाली उतरल्यावर. माझ्या घड्याळात सव्वा तासच झाला व्हता.’

तिसऱ्या सोमवारी नऊ मिनिटं. फोनमागं टॅक्सीवाल्यांचा तेलुगू गलका स्वच्छ ऐकू येत होता. काकासाहेबांनी आकडा लिहिला आणि वरचे आकडे पुन्हा वाचले. पुढचा फोन तर पोरगा निघायच्या आधीच येणार. मग जो निघेल, तो जाणार कुठं?

चौथ्या सोमवारी ते हट्टानं चिकलठाण्याला विमानतळावर गेले. इंद्रजीतनं दाराशी ओळखपत्र काढलं, तसा त्यांनी छातीवर हात दाबला. सोंग त्यांना कधी जमलं नव्हतं, आज जमलं.

‘लई कसंतरी व्हतंय रे. आज नको जाऊ.’

इंद्रजीत एका शब्दानं न विचारता मागं फिरला. इतका ऐकणारा तो कधीच नव्हता, पण काकासाहेबांना तेव्हा नुसता आनंद झाला.

घरी आल्यावर इंद्रजीत सोफ्यावर बसला. मेघानं चहा ठेवला. थोड्या वेळानं विमान घरावरून गेलं. काकासाहेबांनी सवयीनं वेळ लिहिली आणि वही मिटली. पोरगा डोळ्यांसमोर होता, बस.

सव्वा तासानं त्यांचा फोन वाजला. इंद्रजीतचं नाव.

‘आबा, पोचलो. आज तुम्ही हात न करताच वळलात. कुणासंगं बोलत व्हता? तब्येत बरी हाय ना?’

काकासाहेबांनी सोफ्याकडे पाहिलं.

सोफ्यावरच्यानं दुसऱ्यांदा आलेला चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

‘पोचला का तो?’ त्यानं विचारलं.