मशीन माझ्या मांडीवर होतं

अख्खा बाजार मला थापाड्या म्हणतो. म्हणू दे. ही एकच गोष्ट मी तिखटमीठ न लावता सांगतोय.

मंगळवार होता. दुपारचे दोन. बाहेर अंगाची लाही लाही होत होती.

बऱ्या न होणाऱ्या मुलांना शेवटपर्यंत सांभाळणारं एक घर आहे. तिथले एसी मी बघतो. तळमजल्यावर एक थंड खोली आहे. मूल गेलं की दोन-चार दिवस त्याला तिथे, त्याच्याच पांघरुणात ठेवतात. घरचे शेजारी बसतात. घाई कुणी करत नाही.

त्या दिवशी तिथे सात वर्षांची पोर होती. रविवारी गेलेली. बाप जहाजावर कामाला. तो संध्याकाळी पोचणार होता.

आणि मशीन बंद पडलं.

सिस्टरने मला बाजूला घेतलं. तासाभरात जमलं नाही तर पोरीला शवागारात हलवावं लागेल, म्हणाली.

आईने ते ऐकलं.

"काका, तिला कप्प्यात नको. तिच्या बाबांना ती अशीच दिसू दे... झोपलेली."

मी फुशारकी मारली. ताई, मी बर्फाचे कारखाने नुसत्या फुंकरीने चालू केलेत. ती कसनुसं हसली.

मशीन उघडलं आणि माझं तोंड बंद झालं.

कॉम्प्रेसर, म्हणजे गारवा करणारं मशीनचं काळीजच, जळाला होता. नवा उद्याशिवाय मिळणार नव्हता. वायरी सोडवल्या, तो काढून मांडीवर घेतला आणि उगाच पुसत बसलो. सांगायची हिंमत होईना.

तीनला सिस्टर डोकावली. दंड चोळत म्हणाली, झालं वाटतं चालू. आणि गेली.

तेव्हा लक्षात आलं...

मला घाम येत नव्हता.

घरघर नाही. पंख्याचा आवाज नाही. तोंडातून मात्र वाफ निघत होती.

भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. चार अंश.

मशीनच्या जाळीला हात लावला... कोमट.

गारवा पलंगाकडून येत होता. पांघरुणाखालून. कुणीतरी जिवाच्या कराराने धरून ठेवावा, तसा.

आई लेकीचे केस सारखे करत होती. तिला काही कळलं नव्हतं.

पावणेसहाला बाप आला. बूटही न काढता गुडघ्यांवर बसला. लेकीच्या कपाळाला गाल लावला.

"आलो गं," म्हणाला. "उशीर झाला."

माझ्या मानेवरून घामाची धार उतरली.

पारा चढायला लागला. अर्ध्या तासात खोलीची भट्टी झाली. तोवर बापाने तिला स्वतः उचलून बाहेर नेलं होतं.

निघताना आईने माझे दोन्ही हात धरले.

"काका, तुमच्यामुळे भेट झाली."

कॉम्प्रेसर माझ्या पिशवीत होता.

जन्मभर न केलेल्या कामांच्या बढाया मारल्या. त्या दिवशी मान खाली घालून नुसतं ऐकून घेतलं. काय सांगणार होतो तिला? तुमची लेक थांबली होती, म्हणून?

सांगायला हवं होतं का...? अजून ठरत नाही.

नवं मशीन मीच बसवलं. झकास चालतं.

पण त्या खोलीत शिरताना मी आधी दार वाजवतो. खोली रिकामी असली तरी.