गोणीची गाठ

“थू! हे पाणी आहे की सडकं डबकं?” मुनीरने घोट वाळूत थुंकून टाकला.

झालं! सहलीचा बेत पहिल्याच घोटाला नासला. बोटीने मुंबईला जायच्या त्या काळात, ईदच्या सुट्टीत दुबईहून वाळवंटातल्या अल ऐनला आलेली ही तीन भावंडं: बारा वर्षांची कुलसुम, तिची धाकटी बहीण अजरा आणि मामेभाऊ मुनीर. फलजाच्या काठाकाठाने चालत थेट उगमापर्यंत जायचं ठरलं होतं. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणणारा, शेकडो वर्षांपूर्वी खोदलेला पाट. कुलसुमच्या अब्बांनी सकाळी भाकऱ्यांचं फडकं आपल्या खास गाठीने बांधून दिलं होतं. दोन वेढे आणि शेपूट उलटं आत! दाभोळकडे काथ्याचे दोर वळणाऱ्या त्यांच्या घराण्याची ती गाठ.

“संध्याकाळी एक गंमत दाखवतो,” अब्बा म्हणाले होते. “ती जमली की कंत्राटदार मला इथेच घर देणार. मग सगळे एकत्र राहू, इन्शाल्ला!”

कित्येक वर्षं अब्बा इथे कंत्राटदाराच्या तंबूत आणि बाकीचे दुबईत मामूंकडे, असा त्यांचा संसार चालला होता.

पाण्यापाशी गावकरी म्हाताऱ्या सालेमवर तुटून पडले होते. पाटाची राखण त्याच्याकडे. जहाजावरून मुंबईच्या खेपा केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येई.

“बेटी, मैं रोज साफ करता,” तो कुलसुमला म्हणाला. “अब बोलते हैं, असर की नमाज के बाद तेरा काम खलास!”

असर म्हणजे दुपारनंतरची नमाज, तीही आजचीच. त्याचे ओठ थरथरत होते. कालच त्याने तिला काठीच्या सावलीवरून पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात ते कौतुकाने दाखवलं होतं. कुलसुमचं डोकंच फिरलं.

“चला! घाण कुठून येते ते आपण शोधू!”

“ओके, कॅप्टन!” अजरा ओरडली. “यल्ला!”

पाट जमिनीखाली शिरला, तरी त्याचा माग सोपा होता. वाळूत थोड्याथोड्या अंतरावर त्याची विहिरीसारखी तोंडं होती. मुनीर प्रत्येकात दोरीने डबा सोडी आणि अजरा नाक लावी.

“घाण!... इथेही घाण!... ई, महाघाण!”

“तुझं नाक पोलिसात द्यायला हवं!”

“आणि तुझं तोंड बंद ठेवायला हवं!”

उन्हं डोक्यावर आली. एका तोंडाशी अजराने डबा हुंगला, पुन्हा हुंगला आणि ती चक्क घटाघट पाणी प्यायली. “गोड!”

म्हणजे चोर मागच्याच तोंडात! तिघं धावत मागे आली. मुनीर पालथा पडून आत डोकावला. दोन फुगलेल्या गोणी पाण्यात लोंबत होत्या. जोर लावून त्या वर ओढल्या, तर आत खजुराच्या झाडाचा कुजलेला काथ्या!

“सापडला!” मुनीर नाचू लागला.

कुलसुम गोणीच्या गाठीकडे बघत होती. दोन वेढे, शेपूट उलटं आत.

तिला सगळं कळलं. गावी नारळाची सोडणं अशीच खाडीत कुजत घालतात, मग काथ्या निघतो. अब्बांना ही टाकून दिलेली विहीर वाटली असणार. खजुराच्या काथ्याचे दोर, हीच ती गंमत!

“वाळूत पुरून टाकू,” मुनीर हळूच म्हणाला. “पाणी आपोआप साफ होईल. कुणाला कळणार?”

“आणि सालेमचाचा?”

“तो आपला कोण लागतो?”

कुलसुमला रडू फुटलं. पुरून टाकावं असं तिला फार फार वाटलं. पण सालेमचे ते थरथरते ओठ डोळ्यांपुढून हलेनात. तिने गोणी गावाकडे ओढायला सुरुवात केली.

असरची नमाज संपली तेव्हा ओल्या गोणी जमावापुढे होत्या.

“सालेमचाचा का कसूर नहीं,” कुलसुम म्हणाली. “ये मेरे अब्बा के हैं। उनको मालूम नहीं था।”

कामगारांच्या घोळक्यात अब्बा मान खाली घालून उभे होते. सालेमने ते गावकऱ्यांना अरबीत सांगितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. गावातल्या मोठ्यांनी खजुरांचं ताट तिच्या हातात दिलं. “शाबाश! शाबाश!”

“स्मार्ट गर्ल!” कंत्राटदारही म्हणाला. मग तो अब्बांकडे वळला. “यूनुस, सामान बांधो। गाँव का पानी बिगाड़ा, तुमको रखूँगा तो मुझे यहाँ काम कौन देगा? अगली बोट से वापस।”

संध्याकाळी तंबूत अब्बा वळकटी बांधत होते.

“अब्बा, माझं चुकलं का?”

“नाही,” ते म्हणाले. “बरोबर केलंस तू.” पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दोराचे दोन वेढे घेतले, शेपूट आत वळवलं आणि त्यांचे हात थांबले. सगळं पुन्हा सोडून त्यांनी दोर मुनीरच्या हातात दिला.

“तू बांध रे. साधीच गाठ मार.”