समांतर जोडणी

देवदत्तची आणि माझी ओळख झाली, ती त्याने माझ्या टिश्यूला तोंड पुसलं म्हणून.

इथे परदेशात, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, शनिवारी दुपारी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. मग खुशाल रांगेत उभं राहावं. मी ट्रे घेऊन परत आले, तर एक चष्मेवाला माझ्याच खुर्चीत बसून, माझंच पाकीट फोडून, मिशीला लागलेला रस्सा पुसत होता.

"शी! काय माणूस आहे," मी पुटपुटले.

"माणूस नवीन आहे," तो चक्क मराठीत म्हणाला. "मला वाटलं, इथे टिश्यू फुकट ठेवतात."

"आणि खुर्ची?"

"ती तर फुकटच असते ना?"

मला हसू आलं. तिथेच फसले.

तो पुण्याचा, इथल्या विद्यापीठात इलेक्ट्रिकलचं संशोधन करायला आलेला. मी सांगलीची, कॉमर्सची, आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत खरेदी विभागात. माल विकत घेणाऱ्यांना तो माल कळलाही पाहिजे, असं साहेबांच्या डोक्यात आलं होतं. सर्किटची परीक्षा पास झाले तर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, वाढणार, नाहीतर गाशा गुंडाळून सांगली. ट्रेशेजारचं माझं जाडजूड पुस्तक पाहून त्याचे डोळे चमकले.

"रोध वाढला की धारा घटते," मी घोकून दाखवलं.

"रोध?" त्याला गंमत वाटली. "आम्ही रेझिस्टन्स म्हणायचो."

"तुम्ही इंग्लिश मीडियमवाले. आमच्याकडे धारा, रोध, विभवांतर."

"विभवांतर..." त्याने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "मी शिकवू? फी म्हणून असा एकेक शब्द द्यायचा."

मग दर शनिवारी तेच टेबल आणि त्यावर माझं टिश्यूचं पाकीट. बाहेर धो-धो पाऊस, आत पंख्याखाली आम्ही. व्होल्टेज, म्हणजे माझं विभवांतर, एका जागी नसतंच, ते नेहमी दोन जागांमधलं असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. पेन्सिल घेताना बोटं लागली की तो चष्मा पुसायला लागायचा... आणि मी मुद्दाम पुन्हा पेन्सिल मागायचे.

एकदा त्याने सांगितलं, "एका सेलला दोन रोध समांतर जोडून दाखव." मी दोन सेल काढले, दोन रोध काढले. दोन वेगळी सर्किट्स, शेजारी-शेजारी, छान सरळ रेषांची. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"अगं, हे काय?"

"समांतर म्हणजे कधीच न भेटणारे. सातवीपासून शिकलेय."

"ती भूमिती! विसर ती." त्याने दोन चॉपस्टिक शेजारी ठेवल्या आणि दोन्हीकडची टोकं माझ्या हातातल्या रबरबँडने बांधली. "सर्किटमध्ये समांतर म्हणजे दोन्ही टोकांना भेटलेले. वाट तेवढी आपापली. पण दाब दोघांवर सारखाच."

"सारखाच?"

"अगदी सारखाच," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मी पास झाले, पासही वाढला. त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मला सांगून आलेल्या निहारच्या घरचे उत्तर मागत होते. निहार कोल्हापूरचा, दोनदा भेटलेला, बरा होता. खरं तर चांगलाच होता. मी आईला म्हटलं, रविवारी सांगते.

शनिवारी पास झाल्याच्या आनंदात देवदत्तबरोबर पासिर रिसच्या किनाऱ्यावर गेले. पाऊस आला, एका छपराखाली उभे राहिलो. आईने कोल्हापूरचं स्थळ आणलंय, असं मी सहज म्हणावं तसं म्हटलं. जीव मात्र मुठीत होता.

तो समुद्राकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "क्षिप्रा, आपण दोघं ना... समांतर आहोत. तुझाच शब्द. समजून घेशील ना?"

समजून घेऊ? मी तर हवेतच होते! दोन्ही टोकांना भेटलेले, दाब सारखाच... मी त्याचा हात हातात घेतला. "घेतलं," मी म्हटलं. त्याची बोटं माझ्या बोटांत घट्ट बसली. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

रविवारी मी निहारला नकार कळवला.

पुढच्या शनिवारी देवदत्त मिठाईचा बॉक्स घेऊन आला. पुण्यात त्याचं लग्न ठरलं होतं. ऋग्वेदा तिचं नाव. दोन्ही घरांच्या मनात वर्षभर होतं, आता तारीख निघाली. तो कायमचा परत चालला होता.

"तुला सांगितलं होतं ना मी," तो चाचरत म्हणाला, "समांतर आहोत म्हणून. म्हणजे... भेटणार नाही कधी."

"भूमिती विसर, असं कोण म्हणालं होतं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला आत्ता कळलं. "अगं, देवा... क्षिप्रा, माझा शब्द चुकला."

"शब्द चुकला, मान्य. हात का नाही सोडवलास?"

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरून ठेवला. "सोडवावासा वाटला नाही," तो म्हणाला.

इतके शनिवार मी ज्या कबुलीची वाट पाहिली, ती ही अशी मिळाली, पेढ्यांच्या बॉक्सबरोबर. मला त्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी देवदत्त मला हवाही होता.

"ऋग्वेदाला सांगशील हे?"

"...नाही."

"मग मलाही सांगायचं नव्हतंस." मी उठले.

घरी जायला एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसले आणि आईचा फोन आला. "निहारच्या आईचा पुन्हा फोन होता गं. मुलाला तू आवडलीयस. अजून विचार कर म्हणतात."

"नको आई. माझं एकावर प्रेम आहे."

आईचा आवाज एकदम उजळला. "अगं मग आधी नाही का सांगायचं! कोण आहे? घरी कधी आणतेस?"

"आणणार नाहीये. त्याचं लग्न ठरलंय."

"अगं... मग निहारला नाही कशाला म्हणतेस?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "मनात एकाला ठेवून दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ? मला नाही जमत गं ते."