काउंटरमागच्या मॅडम

थापा मारायला मला वेळ नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी, धाकट्या दिराच्या औषधाच्या दुकानात.

अशा दुकानात शिकलेला फार्मासिस्ट हजर लागतो. भिंतीवर सर्टिफिकेट माझं. मी मात्र दुपारी घरी झोपलेली. औषधं देणार भावजी आणि त्यांचा सेल्समन. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सगळीकडे असंच चालतं म्हणे, म्हणून मीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

परवा भाजी घेताना एका बाईने माझा हात धरला. डोळे भरलेले. सेल्समनने चुकीचं औषध दिलं होतं, तुम्ही हातातून काढून घेतलंत म्हणून बाळ वाचलं, म्हणाली.

बाई, तुमची गल्लत होतेय, मी म्हटलं.

ती हसली. "मॅडम, रोज तर बघते तुम्हाला."

भाजीची पिशवी घेऊन तशीच दुकानात गेले. भावजींना विचारलं. ते आधी हसले.

मग... माझ्याकडे निरखून बघू लागले.

"वहिनी, थट्टा करताय का? दुपारी येऊन मागे उभ्या राहता. बोलत नाही. मला वाटलं, रागावलाय."

वर्षभरात मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

मागे गेले. कोणीच नाही.

फक्त खुंटीला माझा पांढरा कोट. तपासणीवाले आले की दाखवायला टांगलेला. हात लावला...

आतून उबदार होता.

भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. माझं काम दुसरंच कोणीतरी करत होतं. मी कोट चढवला. आज मी बघते, भावजींना सांगितलं.

एक आजोबा आले. चिठ्ठी वाचली, गोळ्या काढून दिल्या.

आजोबांनी पाकीट उचललं नाही. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते...

"मॅडम, या तुमच्या बहीण का? यांनी दिलेलं घेऊ ना?"

मागे कोणीच नव्हतं.

मानेवर मात्र... श्वास.

आजोबांनी मान डोलावली आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"नको म्हणतायत."

चिठ्ठी पुन्हा वाचली. गोळी तीच होती, पण मी दुप्पट ताकदीची दिली होती.

आता मी रोज दुकानात जाते. गिऱ्हाईकं अजूनही माझ्या मागेच बघतात.

मागे वळायची मला लाज वाटते.