पिवळ्या फितीची बॅग

विमानतळावरचा सामानाचा पट्टा थांबला तेव्हा त्यावर फक्त एक घडी केलेली बाबागाडी उरली होती. शिवणवाल्या बाईंची बॅग आलीच नव्हती.

त्या सामान कक्षाच्या खिडकीशी गेल्या. वर 'आपले स्वागत आहे' अशी पाटी होती. खाली बसलेल्या अधिकाऱ्याने ती पाटी बहुधा कधी वाचली नसावी.

"बॅग कशी होती?"

"काळी."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. विमानतळावर काळी बॅग हरवली म्हणणं म्हणजे जत्रेत माणूस हरवला, त्याला दोन कान होते, असं सांगण्यासारखं.

"मुठीला पिवळी फीत होती," बाई म्हणाल्या. "बॅग नवी कोरी. चाकं तर अशी, की काल तिकडच्या विमानतळावर देताना बोटाने ढकलली तरी पळत होती. आत माझ्या मुलीचा लग्नाचा पोशाख आहे. वर्षभर हाताने शिवलाय मी. लग्न उद्या सकाळी आहे."

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचललं.

बाईंच्या मागे त्यांचे यजमान ट्रॉली धरून उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक. अजून हजेरी घ्यायची राहिली आहे, असा चेहरा.

"पट्ट्यापाशी कोण होतं?"

"हेच होते. पासपोर्टच्या रांगेने जीव नकोसा झाला होता, म्हणून मी तोंड धुवायला गेले."

"सर, बॅग पट्ट्यावर आली होती?"

"छे. डोळ्यांत तेल घालून बघत होतो मी."

"पट्ट्यावर कॅमेरा असेल ना?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"मग बघा की."

"आहे म्हणालो, काकू. चालू आहे असं कुठे म्हणालो?"

बाहेरच्या दारावरचा कॅमेरा मात्र चालू होता. अधिकाऱ्याने चित्रण पाहिलं. पिवळी फीत दारातून गेली नव्हती. मग बाईंना विमानातला शेजारी आठवला. तोही काळी बॅग घेऊन गेला होता. त्याला टॅक्सीच्या रांगेतून परत आणलं. त्याच्या बॅगेत त्याचेच शर्ट निघाले. आयती संधी मिळाल्यावर त्याने देशाच्या एकूण कारभारावर आपली मतं सांगितली, खोकत खोकत, सविस्तर.

दालनाच्या टोकाला बंद पट्ट्याशेजारी बेवारस सामानाचा ढीग होता. अधिकाऱ्याने तोही पाहिला. पिवळी फीत नाही.

तेवढ्यात तपासणीचा कुत्रा आला. रोपं, बियाणं, माती असलं काही सामानातून येऊ नये म्हणून तो दिवसभर लोकांना हुंगत फिरायचा. मुख्याध्यापकांचे हात हुंगून तो त्यांच्यापुढे बसला. काही सापडलं की बसायचं, एवढीच त्याची भाषा.

"खिसे दाखवता, काका?" कुत्रा सांभाळणारी म्हणाली.

रुमाल, चष्मा, गोळ्यांचं पाकीट. बस.

"दमलाय बिचारा. या दालनात कोण नाही दमत?" ती कुत्र्याला ओढत घेऊन गेली. तो मागे वळून वळून बघत होता.

"आता चला ना," मुख्याध्यापक म्हणाले. "मुलगी बाहेर ताटकळली असेल. बॅग सापडली की घरपोच देतात. आणि चाक मोडलेल्या बॅगेला कोण हात लावतंय? जातेय कुठे?"

"तुम्हाला घरी जायची घाई, अहो. माझा सगळा जीव आहे त्या बॅगेत."

अधिकारी उठला आणि पुन्हा त्या ढिगाकडे गेला. या वेळी त्याने मुठी पाहिल्या नाहीत. एकेक बॅग आडवी करून खालून पाहिली. परत आला तेव्हा एक काळी बॅग तीन चाकांवर खडखडत त्याच्यामागे येत होती. फीत नव्हती. विमान कंपनीची चिठ्ठीही फाडलेली होती.

"ही?"

"हीच," बाई म्हणाल्या. "पण हिचं चाक..."

"चाक प्रवासात मोडलं, काकू. म्हणजे ते मोडलंय हे फक्त अशा माणसाला माहीत, ज्याने बॅग इथे उतरल्यावर पाहिली. आणि सर तर म्हणतात, बॅग आलीच नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला.

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्या पर्समध्ये. पण कपडे भरून झाल्यावर कुलूप ह्यांनी लावलं."

"म्हणजे आत काही सरकवायला ह्यांना वेळ होता, पण इथे बाहेर काढायला किल्ली नव्हती. काकूंकडे मागितली असती तर सगळं सांगावं लागलं असतं. पट्ट्यापाशी सरांनी कुत्रा पाहिला. रोपं-बियाण्यांवरच्या दंडाची पाटी वाचली. काकू नव्हत्याच. बॅग उतरवली, फीत आणि चिठ्ठी काढून कचऱ्यात टाकली, बॅग ढिगात नेऊन ठेवली. सगळे पिवळी फीत शोधणार, हे ह्यांना ठाऊक होतं. हातांना वास तेवढा राहिला. कुत्रा चुकला नव्हता. आम्ही खिसे तपासले, चूक ती."

"अहो," बाई म्हणाल्या. "काय ठेवलंय आत?"

"गुलाबाची कलमं," मुख्याध्यापक म्हणाले. "आपल्या दारातली. तिच्या नव्या घरी लावायला. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच होते."

"आणि बॅग?" अधिकाऱ्याने विचारलं. "ती ढिगातच ठेवणार होतात?"

"विमानात शेजारचे म्हणाले होते, हरवलेलं सामान कंपनी थेट घरी आणून देते. मध्ये कुत्रा लागत नाही. म्हटलं, संध्याकाळपर्यंत येईल."

"चिठ्ठी फाडलेली बॅग कुणाच्या घरी नेणार ते? आणि आली असती, सर. आमच्या वेगाने. नातवाच्या बारशाला."

बाईंनी कुलूप उघडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली कलमं पोशाखाखाली होती. फडकं गळलं होतं. पांढऱ्या झालरीवर मातीचा तपकिरी डाग पसरला होता, वर्षभराच्या टाक्यांच्या मधोमध.

कुत्रा सांभाळणारी परत आली, हातमोजे घालून तिने कलमं उचलली आणि मुख्याध्यापकांना दंडाच्या खिडकीचा रस्ता दाखवला. तिथेही रांग होती.

बाईंनी डाग बोटाने चोळून पाहिला. मग बॅगेच्या कप्प्यातली कात्री काढली आणि झालरीची डागाळलेली पट्टी सरळ कापून टाकली. पोशाख आखूड झाला. बंद पट्ट्याच्या काठावर त्या बसल्या. रांगेकडे निघालेल्या नवऱ्याला त्यांनी हाक मारली आणि सुई-दोरा त्याच्या हातात दिला.

"रांगेत उभे राहणारच आहात. तोवर ओवून द्या."

मुख्याध्यापकांनी सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. पुन्हा बाजूने गेला. बाई बघत होत्या. मदत करायला त्या उठल्या नाहीत.