सात नंबरच्या काचेखाली

लाईट गेली तर जाऊ दे. तो मोबाइलचा टॉर्च आधी बंद कर, डोळ्यांत जातो. आणि तू रे नवरदेवा, लग्न झालं की तळ्याकाठच्या रिसॉर्टला जाणार म्हणे? पाण्यावरची कॉटेज, खोलीच्या मधोमध काचेची जमीन, काचेखाली मासे. जा की. मी कशाला नको म्हणू? फक्त एक ऐकून जा.

मी वायरमन माणूस. जे दिसत नाही पण झटका देतं, त्याच्यावरच आयुष्यभर पोट भरलं. तरी भूतबित मी कधी मानलं नाही. ही गोष्ट माझी नाहीच, आमच्या नळभाऊची आहे. असल्याच एका रिसॉर्टमध्ये मी वीज बघायचो आणि तो पाणी. प्लंबर म्हणून सगळे त्याला नळभाऊ म्हणायचे. चिडली की त्याची बायकोसुद्धा.

शनिवार होता. अमावस्या. दिवस नुकताच मावळला होता. रिसॉर्टची संध्याकाळ बघण्यासारखी असते, खोटं कशाला बोलू! लाकडी पुलावर दोन्ही बाजूंना कंदील, कुठूनतरी हळू आवाजात पियानो, आरामखुर्चीत पाय लांब करून बसलेली माणसं. कुणाला कसली घाई नाही. घाई काय ती आम्हाला. ऑफिसातून निरोप आला की सात नंबरमध्ये टबाचं पाणी उतरत नाही, बघून या. साधं काम. नळभाऊने पाना उचलला आणि पुलावरून निघाला.

पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आता हे नीट ऐका.

त्याचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता. पाणबुड्या. ती काच पाण्याला टेकलेली असते, खालून तिच्यावर शेवाळ धरतं. रोज घासलं नाही तर मासे राहिले बाजूला, पाहुण्यांना नुसता हिरवा चिखल दिसेल. ते घासायचं काम धाकट्याचं. कॉटेजखाली पाणी गढूळ, त्यात खांबांची ही गर्दी. भरदिवसा दिशा कळत नाही. म्हणून तो पाण्यात उतरायच्या शिडीला दोरी बांधायचा आणि तिला धरूनच बाहेर यायचा.

गुरुवारी सात नंबरचे पाहुणे वेळेआधी येऊन ठेपले. मॅनेजर धावत आला. "अहो, ती दोरी काढा आधी, फोटोत घाण दिसते." धाकटा वर आला असेल असं समजून दोरी सोडली. कुणी सोडली? नळभाऊने. स्वतःच्या हाताने.

धाकटा परत कुणाला दिसला नाही.

दोघे पट्टीचे पोहणारे खाली जाऊन आले, रिकाम्या हाताने. बोट फिरवली, पण थोडाच वेळ. कारण सूर्यास्त बघायला पाहुण्यांना त्याच बोटीतून न्यायचं होतं. मॅनेजरने तर कानावर हातच ठेवले. "तरणा पोरगा आहे, गेला असेल कुठे उंडारायला. सोमवारी पाहुणे गेले की पोलिसांना कळवू." हात जोडून झाले, पाया पडून झालं. नळभाऊ त्याला म्हणाला, "साहेब, तुमचा भाऊ असता तर?" साहेब फोनवर बोलत निघून गेले.

घरी म्हातारी आई. ती एकच विचारायची, "दोघं बरोबर गेला होतात ना रे? मग तू एकटा कसा आलास?"

दोरीचं तिला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. मला सांगितलं, मीटरच्या खोलीत, दार लावून. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. "जिवंत नसेल तर नसेल," म्हणाला, "पण मला तो हवाय रे. आईसमोर काय घेऊन जाऊ?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला फक्त.

तर असा माणूस सात नंबरमध्ये टब दुरुस्त करत होता. नवरा-बायको, साठीच्या आसपासची, स्वभावाने गोड. मेणबत्त्या लावलेल्या. नवरा गॅलरीत पाण्याकडे बघत बसला होता, बाई आत काचेजवळच्या कोचावर. पाईपमध्ये केसांचा बोळा अडकला होता, तो निघाला, पाणी उतरलं. नळभाऊ हात पुसत बाहेर आला.

बाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं कौतुक वाटतं हं. किती उशिरापर्यंत राबतात!"

"कोण बाई?"

"तो काच पुसणारा. काल संध्याकाळीही होता. आत्ता तुम्ही यायच्या आधीही होता. आम्ही हात केला, पण वर बघतच नाही बिचारा. जरा विश्रांती द्या की त्याला."

नळभाऊच्या हातातला पाना खाली पडला.

काचेखालचा दिवा चालू होता. मीच बसवलेला. हिरवट उजेड. एकही मासा नाही. नळभाऊ काचेजवळ गेला. गुडघ्यावर बसला. वाकला.

काच स्वच्छ होती.

गुरुवारपासून तिला कुणी हात लावला नव्हता, आणि काच स्वच्छ होती...

मग कोपऱ्यातून एक हात आला. गोल. गोल. सावकाश. काच पुसत. मनगटाच्या पुढे काही दिसत नव्हतं. सगळा अंधार.

"धाकट्या..."

हात थांबला.

"दोरी मी सोडली रे. मला वाटलं तू वर आलास... मला वाटलं..."

खालून तळहात काचेला टेकला. पाचही बोटं पसरून. नळभाऊने त्याच्यावर आपला उजवा हात ठेवला. मध्ये फक्त काच.

बाईंनी ते बघितलं आणि किंकाळी फोडली. मी पुलावरच होतो. धावत सुटलो. मी पोचेपर्यंत नळभाऊने शिडीवरून उडी मारली होती. ना श्वासाची नळी, ना दोरी. अंगावर कामाचे कपडे.

पाणी शांत.

पियानो चालूच.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मला पोहता येत नाही, पोरांनो. मी नुसता उभा होतो. तेवढ्यात पाण्यात हालचाल झाली. नळभाऊचं डोकं वर आलं. डाव्या हाताने त्याने शिडी धरली. उजवा हात मागे, पाण्यात. ताणलेला. कुणाला तरी ओढून आणावं तसा.

"ये," तो म्हणत होता. "ये रे. आई वाट बघतेय. ये..."

एक पायरी चढला. दुसरी चढला. ओझ्याने वाकला होता. मी टॉर्च मारला. हात पाण्याबाहेर आला.

मूठ घट्ट मिटलेली होती. तिच्यात कुणी नव्हतं.

नंतर काय! पाहुणे त्याच रात्री गेले. पोलिस आले, जाळी टाकली, खांब न् खांब तपासला. धाकटा मिळाला नाही. आजतागायत नाही.

त्या रात्री त्याला घरी सोडायला मी गेलो होतो. आई दारातच होती. मला वाटलं, आता नेहमीचा प्रश्न विचारणार आणि हा कोसळणार. पण तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ चोळत बसली. "किती गार पडलाय रे," एवढंच म्हणाली. त्यानंतर जगली तोवर रात्री तोच हात उशाशी घेऊन झोपायची.

वर्षं झाली त्याला. मागच्या महिन्यात नळभाऊ बाजारात भेटला. भर दुपार, ऊन रणरणतंय. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. डावा हात कोरडा, खरखरीत, आपल्यासारखाच. उजवा ओला. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी. डॉक्टर झाले, मलमं झाली.

मी म्हटलं, "अजून सुकला नाही का रे हा?"

"सुकेल की," तो म्हणाला. "त्याने सोडला की."