मालक गेला, कोट राहिला

हसू नका. ज्याची ही गोष्ट तो माझ्या चांगल्या ओळखीचा. थापाडा होता, पण ही थाप त्याची नव्हे.

जुनेशेठ म्हणायचे त्याला. लोकांच्या नकोशा वस्तू दुकानात ठेवायच्या, विकल्या की कमिशन कापायचं, हा धंदा. विकलेल्या मालाला तो ‘गेला’ म्हणे. घड्याळ गेलं, टेबल गेलं. माणसंही जातातच, पण त्यांची पावती मिळत नाही.

नुसती वस्तू खपत नाही, तिला गोष्ट लागते, हे त्याला कळलं होतं. एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं गरम कोट विकायला ठेवला, तेव्हा यानं वर पुठ्ठा लावला: ‘मालक गेला, कोट राहिला.’ फोटो मोबाईलवरही टाकला.

दुसऱ्याच दिवशी म्हातारा हजर. “अहो, मी हा उभा आहे तुमच्यासमोर. खोडा ते!”

“आजोबा, आठवडाभर राहू द्या. मेलेल्या माणसाला गिऱ्हाईक फार.”

“चेष्टा नको. लेकीचा बारा वर्षं अबोला आहे. कोपरावरचं ठिगळ तिच्या हातचं. तिनं ओळखलं तर?”

“तर बरंच की! येईल धावत.”

म्हातारा निघून गेला. यानं खोडलं नाही. बघे वाढले होते ना.

कोट मात्र खपेना. शेवटी बायको म्हणाली, “जिवंत माणसाला मारून ठेवलंयत. आधी तो कोट देऊन या.” म्हणून सतराव्या दिवशी, गुरुवारी, रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी जुनेशेठ कोट घेऊन निघाला.

म्हाताऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात दिवा नव्हता. दुसऱ्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलेलं. कंपाउंडरच.

“आणलात? गार पडलोय हो…”

यानं कोट त्याच्या खांद्यावर टाकला. हाताला खांदा लागला. बर्फासारखा.

“खोडलंत?”

“…उद्या नक्की.”

म्हाताऱ्यानं कोट अंगाभोवती ओढून घेतला. मग हळूच, “वर जा. ती आलीय.”

दार एका बाईनं उघडलं. डोळे सुजलेले.

“कंपाउंडरांची लेक ना? मी दुकानातून… कोट परत करायला…”

बाई बघतच राहिली. “तुम्हीच का ते? तुमची जाहिरात वाचली मी. बाबा गेले म्हणून दोन आठवडे घरात बसून रडले. गेलेल्या माणसाला फोन कोण करतं?” तिचा आवाज फुटला. “सोमवारी शेजाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, बाबा काल गेले. काल! शेवटपर्यंत माझी वाट बघत होते म्हणे…”

“काल? म्हणजे रविवारी? पण आत्ता खाली…”

तो वळला. जिना उतरला. दुसरं वळण.

कुणी नाही.

कोटही नाही.

दुकानापर्यंत तो पळत आला. कुलूप जसंच्या तसं. शटर वर केलं. दिवा लावला. हँगर रिकामा… पुठ्ठा जागेवर.

पहिली ओळ खोडलेली. नीट, पट्टी लावून. खाली नवी ओळ, शाई अजून ओली:

‘कोट गेला, मालक राहिला.’

अक्षर जुनेशेठचंच होतं.